दादाचं पोट

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या गावाला पाझर तलावाचं काम निघालं आणि माझ्या थोरल्या भावाला तिथं सुकडी वाटायचं काम मिळालं. सुकडी म्हणजे पीठ, गूळ आणि तेल एकत्र भाजून केलेला कोरडा भुगा. सरकारकडून डबे भरून यायचे. दुपारच्या सुट्टीत मजुरांची आणि त्यांच्या लेकरांची रांग लागायची. दादा पत्र्याच्या मापानं प्रत्येकाच्या पदरात, ताटलीत, नाहीतर नुसत्या ओंजळीत सुकडी टाकायचा. तो सातवी शिकलेला, अक्षर चांगलं, म्हणून ओव्हरसियरनं त्याला निवडला होता.

मी तेव्हा सेलूकडच्या एका खेड्यात प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. शनिवारी शाळा सुटली की सायकलवर घरी यायचो. वाटेत तलावाचं काम लागायचं, तिथं थांबून दादाला भेटायचो.

आम्ही बौद्ध. धर्म घेतला तेव्हा मी आठेक वर्षांचा होतो. सुकडी वाटायचं काम दादाला मिळालं तेव्हा पहिले काही दिवस रांगेतल्या काही बायका पदर असा ताणून धरायच्या की माप कापडाला लागू नये. दादा माप हातभर वर धरून ओतायचा. वाऱ्यानं थोडी सुकडी उडून मातीत पडायची. पुढं भूक वाढली तसे पदर जवळ आले. मी हे सगळं पाहिलं होतं आणि त्या बायकांची मला किळस आली होती. हे आधीच सांगून टाकतो. कारण त्यानंतर ज्याची किळस आली तो माझा सख्खा भाऊ होता.

उन्हाळा लागला आणि दादाचं पोट दिसायला लागलं. गावात कुणाच्या अंगावर मांस उरलं नव्हतं. बायकांच्या गळ्याची हाडं वर आलेली, पोरांचे गुडघे मोठे दिसायचे. आणि त्या रांगेच्या तोंडाशी सुकडीच्या डब्यामागं माझा भाऊ उभा, सदऱ्याची खालची दोन बटनं उघडी, त्यातून ताणलेलं पोट बाहेर आलेलं. एका शनिवारी मी सायकल लावत होतो तेव्हा रांगेतली एक म्हातारी मागचीला म्हणाली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "त्याचं पोट बग. आमच्या लेकरायच्या तोंडचं हाय ते."

मागची म्हणाली, "रातभर खात आसंल."

बोलायला पाहिजे होतं असं आता वाटतं, पण तेव्हा मला ते खरंच वाटलं होतं. मी दादाच्या पोटाकडं पाहिलं आणि मला त्याची किळस आली. त्या रात्री जेवायला बसलो. मिलोच्या, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या लाल ज्वारीच्या, भाकरी होत्या. दादानं अर्धी भाकरी खाल्ली आणि ताट सरकवलं. वहिनी म्हणाली, "एवढंच?" तो म्हणाला, "बास. भरलं पोट."

भरणारच, मी मनात म्हणालो. माझ्यासमोरची भाकरी मला गोड लागेना. जेवताना तो मधूनच ढेकर द्यायचा. त्या ढेकरांत मला गुळाचा वास यायचा. खरं तर तसा वास दुसऱ्या कुणालाच आला नव्हता, फक्त मला आला.

दुसऱ्या दिवशी तो झोपला असताना मी त्याची कामावरची थैली उघडून पाहिली. एक वही, एक पेन्सिल, चुन्याची डबी. सुकडीचा कण नव्हता. मी बोट फिरवून शिवणीतसुद्धा पाहिलं. मग मला वाटलं, कामावरच खात असणार.

शेवटी मी विचारलंच. "दादा, लोक काय म्हणायलेत ठाऊक हाय का तुला?"

"ठाऊक हाय."

"मग?"

तो खाटेवर बसला होता, मांडी घालता येत नव्हती म्हणून पाय खाली सोडलेले. तो म्हणाला, "तुला काय वाटतंय?"

मी सायकलच्या चाकात हवा भरायला निघून गेलो.

तक्रार झाली. तहसीलमधून माणूस आला. त्यानं डबे मोजले, मापं तपासली, लोकांना विचारलं. काहीच कमी नव्हतं. तरीही दादाला काढलं. "लोकांचा विश्वास न्हाई," असं त्या माणसानं सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून दादा त्याच कामावर खडी फोडायला बसला. पोट मांड्यांवर ठेवून, हातोडा बाजूनं मारत. येताजाता लोक हसायचे. सुकडीच्या रांगेत तो उभा राहायचा नाही.

पुढं पाऊस झाला, कामं बंद पडली, गावात पुन्हा बाजरी-मुगाचं काहीबाही आलं. दादा कुणाचीच सुकडी खात नव्हता आणि पोट वाढतच होतं. बेंबी उलटी होऊन बाहेर आली, सुपारीएवढी. हातपाय काटक्यांसारखे आणि मधे हे एवढं मोठं. मला तेव्हा पहिल्यांदा शंका आली की आपण चुकलोय. पण शंका आली म्हणून किळस गेली नाही. उलट वाढली. तो कुशीवर वळला की पोट मागून हळूहळू वळायचं. मी तिकडं पाठ करून झोपायचो.

वैद्यानं घेटुळीच्या पाल्याचा काढा दिला. जलोदर म्हणाला. बाजारगावच्या डॉक्टरनंही तेच सांगितलं, "पोटात पाणी झालंय. सुई टोचून काढू, हलकं वाटेल." त्यानं दादाला टेबलावर झोपवलं, मला पाय धरायला सांगितलं आणि बेंबीच्या खाली जाड सुई घातली. काहीच आलं नाही. त्यानं सुई काढली, दुसरीकडं घातली. मग तिसरीकडं. दादा दात आवळून छताकडं बघत होता. तिसऱ्या वेळेला डॉक्टरनं पिचकारीचा दट्ट्या जोर लावून ओढला तेव्हा सुईच्या टोकाशी काहीतरी आलं. पिवळसर, घट्ट. डॉक्टरनं सुई वर उचलली तशी त्याची तार निघाली, भेंडी चिरताना निघते तशी, आणि ती तार दादाच्या पोटापासून डॉक्टरच्या हातापर्यंत लोंबत राहिली. तुटेना.

डॉक्टरनं ती कापसानं पुसली. त्याचाही चेहरा बदलला होता. "परभणीला न्या," तो म्हणाला. "हे माझ्याच्यानं व्हायचं न्हाई."

परभणीच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला वॉर्डाच्या टोकाची खाट मिळाली. तिथला वास माझ्या नाकात अजून आहे. फिनेल, मूत, उकडलेल्या भाताचा वास आणि कुणाच्या तरी जखमेतला पू. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकून खाटेखाली थुंकायचा आणि त्याची लेक बाहेरून आणलेली माती पायानं सारून ते झाकायची. मी डबा उघडायचो आणि पुन्हा बंद करायचो. दादा मात्र सगळ्यांशी बोलायचा. तो म्हातारा त्याला जावई म्हणायला लागला होता.

तिथले सर्जन पन्नाशीचे होते, हैदराबादेत शिकलेले, बोलताना मधेच उर्दू यायची. त्यांनी दादाचं पोट दोन्ही हातांनी दाबलं, एका बाजूनं टिचकी मारून दुसऱ्या बाजूला तळहात ठेवला. "पाणी नाही हे," ते म्हणाले. "पाण्याची लाट येते. इथं काहीच हलत नाही. उघडून बघावं लागेल." मग दादाला म्हणाले, "घबराना नहीं. आत काय आहे ते आधी बघू."

दादा म्हणाला, "सुकडी निघाली तर सांगा साहेब. गावाला दाखवायची हाय."

सर्जनना काही कळलं नाही. मी मान खाली घातली.

मी एक बाटली रक्त दिलं. ऑपरेशन सकाळी सुरू झालं. वहिनी आणि मी थिएटरबाहेरच्या व्हरांड्यात बसलो. दोनेक तासांनी दार उघडलं आणि एक वॉर्डबॉय लोखंडी बादली घेऊन बाहेर आला. दोन्ही हातांनी धरली होती, जड असल्यासारखी. त्याच्या मागून सर्जन दारात आले, तोंडावर फडकं, कोपरापर्यंत हात चिकट. "मास्तर, इकडं या. हे बघून घ्या. नंतर सांगून तुम्हाला खरं वाटायचं नाही."

मी पाहिलं. बादलीत काठोकाठ काहीतरी थरथरत होतं. पिवळसर, अर्धवट आरपार दिसणारं, बाभळीचा डिंक पाण्यात फुगवल्यासारखं. मधेमधे रक्ताचे धागे. वॉर्डबॉयनं बादली खाली ठेवली तरी ते लगेच थांबलं नाही, थोडा वेळ हलत राहिलं. "अजून आहे आत," सर्जन म्हणाले आणि दार लोटून गेले.

मी व्हरांड्याच्या कडेला जाऊन ओकलो. सकाळी फक्त चहा घेतला होता. तो पडला, मग पिवळं पाणी पडलं, आणि त्या पिवळ्या पाण्याकडं बघून पुन्हा ओकलो. वहिनी पाठीवर हात फिरवत राहिली. तिनं बादलीत पाहिलं नव्हतं. "काय होतं?" तिनं विचारलं. मी चूळ भरायला नळाकडं गेलो.

दुपारी सर्जन हात धुऊन व्हरांड्याच्या पायरीवर बसले. कुणीतरी त्यांना चहा आणून दिला. मला शेजारी बसवून त्यांनी एक्स-रेच्या पाकिटावर पेन्सिलनं आतडी काढली. उजव्या बाजूला, लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथं, एक लोंबती नळी काढली.

"हे अपेंडिक्स. करंगळीएवढं. अपेंडिक्स सुजलं, काढलं, हे तुम्ही ऐकलं असेल. याच्यात ते नाही झालं. याच्या आत एक गाठ झाली. त्या गाठीच्या पेशींना एकच काम येतं, चिकट आव बनवायचा. आव बनत गेला, नळी फुगली आणि एक दिवस फुटली. पेशी पोटभर सांडल्या. जिथं पडल्या तिथं चिकटल्या आणि तिथं बसून तेच काम करायला लागल्या. आतड्यांवर, यकृताखाली, खाली ओटीपोटात. सगळीकडं."

"मग कॅन्सर हाय का साहेब?"

"कॅन्सरच. पण तुम्हाला ज्या कॅन्सरची भीती वाटते तसा हा पळत नाही. रक्तातून फुफ्फुसात वगैरे सहसा जात नाही. पोटातच राहतो आणि पोट भरून टाकतो. तुमच्या भावाच्या आतड्यांना हलायला जागा नव्हती. दोन घास गेले की संपलं. आतून माणूस उपाशी असतो आणि बाहेरून खाल्लेला दिसतो."

हे ते सहज बोलून गेले. चहाचा घोट घेतला. मी त्या पाकिटावरच्या आतड्यांकडं बघत राहिलो.

"किती दिवसांपासून असंल?"

"दोन वर्षं. तीन. ही गाठ घाई करत नाही."

म्हणजे सुकडीच्याही आधीपासून. डब्याशेजारी दिवसभर उभा राहणारा माझा भाऊ उपाशी होता, आणि मी त्याच्या थैलीच्या शिवणीत बोट घालून पाहिलं होतं.

त्यांनी काय काय काढलं ते सांगितलं. अपेंडिक्स, त्याच्या बाजूचा मोठ्या आतड्याचा तुकडा, आणि पोटात आतड्यांवर चरबीचा एक पडदा असतो तो. तो पडदा घट्ट होऊन पावासारखा झाला होता. बाकीचं हातानं आणि वाटीनं उपसलं, मिठाच्या पाण्यानं धुतलं. "पण सगळं निघत नाही. पेशी डोळ्यांना दिसत नाहीत. पुन्हा भरेल. भरलं की पुन्हा उघडायचं. याच्यापेक्षा जास्त आज माझ्या हातात नाही. अशी केस मी आयुष्यात दुसऱ्यांदा बघतोय."

"कशामुळं झालं? काही खाण्यात आलं का?"

"कशामुळं होतं ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "खाण्याचा संबंध नाही, एवढं लिहून देतो."

तुकडे तपासायला औरंगाबादला न्यायचे होते. सर्जननी काचेच्या बरणीत औषधात घालून दिले. मी परभणीहून सकाळची गाडी धरली. बरणी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली होती. झाकणातून औषधाचा उग्र वास यायचा, डोळे झोंबायचे. जालन्याच्या अलीकडं समोरच्या बाकावरच्या माणसानं विचारलं, "मुरंबा हाय का, पावणं?" मी नाही म्हणालो. "मग लोणचं आसंल," तो म्हणाला आणि त्यानं हसत हात पुढं केला. मी टॉवेल घट्ट आवळला. माझ्या भावाच्या पोटातलं मांस माझ्या मांडीवर होतं आणि मला एकच इच्छा होती, गाडी पुलावरून जाताना ते खिडकीतून फेकून द्यायची. मी फेकलं नाही. पण इच्छा झाली होती. पंधरा दिवसांनी कागद आला. सर्जन म्हणाले होते तेच त्यात होतं.

पोटातून एक रबरी नळी बाहेर काढली होती. तिच्यातून ते पिवळं चिकट बाटलीत उतरत राहायचं. बाटली रिकामी करायचं आणि जखमेभोवतीचं पुसायचं काम माझ्याकडं होतं. मी तोंडानं श्वास घ्यायचो. एकदा पुसताना ते माझ्या मनगटाला लागलं आणि मी हात झटकला. दादानं पाहिलं.

"किळस येती का?"

"न्हाई."

"खोटं नको बोलूस. मला बी येती. माझंच हाय, तरी येती. तलावावर बी आलती तुला. तुझ्या तोंडावर दिसत व्हती."

मी म्हणालो, "दादा, मला वाटलं व्हतं..."

"ठाऊक हाय काय वाटलं व्हतं. लोकांचं मला काही वाटलं न्हाई. तुझं वाटलं." मग त्यानं नळीकडं मान केली. "भरली बग बाटली. वतून ये."

मी बाटली घेऊन मोरीकडं गेलो. माफी मागायची राहिली. पुढंही राहिलीच.

महिन्याभरानं त्याला घरी आणला. पोट खपाटीला गेलेलं, छातीपासून खाली उभा व्रण. आता तरी लोकांचे डोळे उघडतील असं मला वाटलं होतं. दोन दिवसांत उलटीच बातमी गावभर झाली. परभणीच्या डॉक्टरनं ह्याच्या पोटातून बादलीभर सुकडी काढली. वॉर्डबॉयनं डोळ्यांनी पाहिली. माझ्याच भाच्यानं मला येऊन हे विचारलं. मी चहाच्या हॉटेलात जाऊन चारचौघांत समजावलं. अपेंडिक्स, गाठ, आव. मास्तर होतो, फळ्यावर समजावतो तसं बोललो. लोकांनी ऐकून घेतलं. मग एकजण बशीतला चहा भुरकून म्हणाला, "म्हंजे चिकट व्हतं म्हना की. गुळाचा पाक चिकटच आसतो." सगळे हसले. कुणाच्या तरी दातांत पान अडकलं होतं. मला ती तोंडं, ते दात, त्या बशा, सगळ्याचीच इतकी शिसारी आली की मी पुन्हा त्या हॉटेलात पाय ठेवला नाही. दुष्काळात त्यांतल्या निम्म्यांना दादानं हातानं वाढलं होतं.

दादाला मी हे सांगितलं नाही. पण रांगेतली ती म्हातारी एक दिवस सरळ घरात आली, उंबऱ्यात बसली आणि म्हणाली, "खरं सांग रं. खरंच सुकडी निघाली का?" दादाला हसू आलं. टाके ओढले जातील म्हणून त्यानं दोन्ही हातांनी पोट धरलं आणि हसत राहिला. "न्हाई माय. निघाली आसती तर तुला आणली आसती." म्हातारीही हसली. मी नाही हसलो. तिनं जाताना त्याच्या डोक्यावरून हात फिरवला तेव्हाही मला तिचा राग आला.

तीन वर्षं बरी गेली. तो शेळ्या पाळायचा, पोखर्णीच्या बाजारला जायचा, भाकरी दीड-दोन खायचा. मग पोट पुन्हा यायला लागलं. या वेळी दुखायचंही. उलट्या व्हायच्या, हिरव्या. पुन्हा परभणी. तेच सर्जन होते. त्यांनी उघडलं आणि बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा थकले होते. "आतडी एकमेकांना सरसानं चिकटवल्यासारखी झालीत. सोडवायला गेलो तर फाटतात. थोडं काढलं. पुढं वाट बंद होती म्हणून पोटावरच वाट काढून दिलीय. शौच तिथून होईल."

ती वाट म्हणजे दादाच्या पोटावर उघडलेलं आतड्याचं लालभडक तोंड. त्यातून वेळ-काळ न बघता पातळ हागवण यायची. वर प्लॅस्टिकची पिशवी आणि कापडाचा पट्टा बांधायचा. पिशवी सुटायची. कातडी सोलून निघाली होती. घरात शिरल्याबरोबर तो वास यायचा. उन्हाळ्यात माश्या बसायच्या. आता मी शनिवारी आलो की आधी अंगणात थोडा वेळ उभा राहायचो, सायकल पुसत. आत जायचं धैर्य यायला वेळ लागायचा. धुणं सगळं वहिनीवर होतं. दादाला ते कळायचं. मी आत आलो की तो पोटावर चादर ओढायचा आणि म्हणायचा, "दार उघडं ऱ्हाऊ दे. वारं येऊ दे."

पुढच्या उन्हाळ्यात तो गेला. शेवटचे पंधरा दिवस पाण्याशिवाय काही गेलं नाही. वय अडतीस. आता एक ओळखीतला तरुण डॉक्टर सांगतो की या आजारात हल्ली पोट उघडून दिसेल तो पापुद्रा सोलून काढतात आणि ऊन केलेलं औषध तासभर पोटात फिरवतात. माणसं वर्षानुवर्षं जगतात म्हणे. त्यानं हे सांगितलं तेव्हा मी त्याला म्हणालो, "चांगलं हाय." दुसरं काय म्हणणार.

अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी पाहुणे गेले. वहिनी अंगणात दादाचं अंथरूण धुवायला बसली होती. मी पाणी ओढून देत होतो. तीनदा पाणी बदललं तरी वास जाईना. एकाएकी तिनं हात थांबवले.

"भाऊजी, तुमाला येक सांगते. शेवटचं वरीसभर मला त्यायच्या अंगाला हात लावू वाटत नव्हता. सगळं करत व्हते. पर जीव मळमळायचा. रातच्याला ते म्हणायचे, जवळ नीज. मी म्हणायची, तुमाला धक्का लागंल. धक्क्याचं काही नव्हतं."

मी पोहरा हातात घेऊन उभा होतो. मलाही तसंच व्हायचं, वहिनी, एवढं एक वाक्य तिला हवं होतं. माझ्याजवळ ते होतं. थोरल्या भावजयीपुढं तोंडातून निघालं नाही. मी पाणी ओतलं आणि ती पुन्हा घासायला लागली.